भट्टीचा डोळा

आमच्या व्याह्यांच्या घरी सूर्य उगवतो तोसुद्धा भट्टीला विचारून, असं मी एकदा चारचौघांत म्हणून गेलो, तर मागून आमच्या सूनबाई म्हणाल्या, "नुसतं विचारून नाही मामा, परवानगी काढून." आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाच म्हणतात. माहेरची बाजू घेणाऱ्या लेकी मी पुष्कळ पाहिल्या, पण माहेरच्या भट्टीची बाजू घेणारी ही पहिलीच. आणि तिचं काही चुकत नव्हतं. मी सरकारी खात्यात जन्म काढला. घड्याळावर चालणारी माणसं पाहिली, साहेबाच्या मर्जीवर चालणारी पाहिली, पंचांगावर, बायकोच्या भुवईवर आणि एसटीच्या वेळापत्रकावर चालणारीही पाहिली. पण मडकी भाजायच्या भट्टीवर अख्खं आयुष्य चालवणारा, आणि आपल्याबरोबर सगळ्या गोतावळ्याला चालवणारा माणूस मी एकच पाहिला. तो नेमका माझ्या मुलाचा सासरा निघाला.

व्याही निमगाव केतकीचे कुंभार. सत्तरीला टेकलेले, अंगाने तुराटीसारखे, आणि आवाज असा की रस्त्यानं ट्रॅक्टर चालला असेल तर ट्रॅक्टरवाला थांबून विचारतो, "मला हाक मारली का आबा?" नम्रपणा हा गुण त्यांच्या घराण्यात कुणी सुनेबरोबर आंदण म्हणूनही आणला नसावा. "हितनं इंदापूरपातुर माझ्यासारखा माठ करणारा दुसरा न्हाय," हे वाक्य ते पहिल्या भेटीत, चहा यायच्या आत बोलतात, आणि मग मोठ्या मनानं भर घालतात, "बावड्याला एक हाय म्हणत्यात, पण मी बघितला न्हाय." जातीने आम्हीही कुंभारच, पण आपले दाखल्यापुरते. आमचं चाक आजोबांच्या हातून सुटलं, वडील मास्तर झाले, आणि मी बारामतीत पाटबंधारे खात्यात जो चिकटलो तो निवृत्त होऊनच सुटलो. त्यामुळे व्याही माझ्याकडे जरा कीवेनंच बघतात. "तुमची काय चूक न्हाय, पाव्हणं," ते माझी समजूत घालतात, "पेन्शन बी काय वाईट नसती."

त्यांच्या परसात पुरुषभर उंचीच्या गोल भिंतीची भट्टी आहे. खालून जाळ घालायला तोंड, आत मडक्यांची रास, वरून फुटक्या खापरांचं पांघरूण. ह्या भट्टीनं त्या घरातले सात वार मोडीत काढले आहेत. तिथं वार चारच, भरायचा, पेटवायचा, निवायचा आणि उघडायचा. भरायच्या दिवशी घरात भांडायचं नाही, कारण रागातल्या हातानं रास रचली की खालची मडकी दबतात. पेटवायच्या दिवशी कुणी आजारी पडायचं नाही. दवाखाना, बँक, तहसील, सोयऱ्याधायऱ्यांच्या भेटी आणि भरायच्या दिवशी राहून गेलेली भांडणं, हे सगळं निवायच्या दिवसांत उरकायचं. तेव्हा भट्टीला हात लावायचा नसतो, आणि रिकामा माणूस हात लावल्याशिवाय राहत नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या चुलत्याचं वर्षश्राद्ध पेटवायच्या दिवशी आलं. भाऊबंद चिडले. व्याह्यांनी ते सरळ पुढं ढकललं आणि म्हणाले, "चुलता कुंभार हुता. त्याला कळंल." आमच्या सूनबाईंना शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली, तर ह्यांनी सांगितलं, "अक्षय तृतीयेच्या भट्टीला, उघडायच्या दिवशी, चार माठ काढून झालं हुतं तवा." मास्तरांनी निमूटपणे रिवाजाप्रमाणे एक जून लिहून टाकली.

मुलगी बघायला आम्ही गेलो तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. आम्ही आपले ठरवून, निरोप देऊन, इस्त्रीचे कपडे घालून गेलेलो. तिथे पोचलो तर भट्टी पेटलेली. झालं काय, की चार दिवस हटून बसलेला वारा त्याच सकाळी पडला होता, आणि व्याह्यांच्या मते पाहुणे काय, परत येतात, असा पडलेला वारा परत मिळत नाही. आमच्या खुर्च्या त्यांनी परसातच मांडल्या. पोहे आले, नमस्कार झाले, मुलीला दोन प्रश्न विचारले, एवढ्यात धूर आमच्या तोंडावर आला. "पाव्हणं, जरा खुर्च्या सरकवा," व्याही म्हणाले. सरकवल्या. मानपानाचा विषय निघाला, झुळूक फिरली, पुन्हा सरकवल्या. कपडालत्ता, कार्यालय, जेवणावळ, प्रत्येक मुद्द्याला आम्ही चार-चार पावलं खुर्च्या उचलून चालत होतो. मी डोळे पुसत होतो आणि माझ्या बहिणीला वाटत होतं, भावाला भरून आलंय. बैठक संपली तेव्हा आम्ही भट्टीला एक पुरी प्रदक्षिणा घालून मूळ जागी आलो होतो. लग्न तिथंच ठरलं. माझी बायको घरी येऊन म्हणाली, "बोहल्यावर चढायच्या आधीच सगळ्या वऱ्हाडाचे फेरे झाले."

लग्नाची तारीख कशी निघाली हे सांगायलाच नको. गुरुजींनी मुहूर्त दिले, व्याह्यांनी त्यातले भट्टीचे वगळले, आणि उरला तो एकच मुहूर्त भर उन्हाचा होता. अक्षता पडत असताना सगळी माणसं नवरानवरीकडे बघत होती आणि मुलीचा बाप मांडवाच्या झालरीकडे. झालर हलत नव्हती. माझ्या कानाशी येऊन ते हळहळले, "आज लई सोन्यासारखा दिवस हुता." मला वाटलं लेकीच्या लग्नाबद्दल बोलतात, म्हणून मी पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर मग माझ्या गळ्यात एक काम पडलं. आमच्याकडचा पश्चिमेचा वारा पुढे निमगावाकडे जातो, म्हणून भट्टी पेटवायच्या दिवशी सकाळी मला फोन येऊ लागला, "पाव्हणं, वारा कुठनं हाय?" मी गच्चीवर जाऊन बोट ओलं करून उभा. मधे भवानीनगरला त्यांचा एक मावसभाऊ होता, तो कारखान्याच्या धुराड्याकडे बघून धूर कुणीकडे झुकतोय ते सांगायचा. सूनबाईंनी त्यांना मोबाइलवर हवामान बघायला शिकवलं होतं, पण त्यांचा विश्वास बसेना. "मोबाइलनं कधी धूर गिळलाय व्हय?" ते म्हणायचे. गळीत हंगाम संपला की धुराडं बंद, मग सगळा भार माझ्या एका बोटावर यायचा. खात्यात कुणी माझ्या अहवालाची इतकी वाट पाहिली नव्हती.

हसण्यावारी नेलं तरी ह्या माणसापुढे मी मनातून थक्क होतो आणि आजही आहे. पेटवायच्या दिवशी त्यांना एकदा बघावं. एरवी गावाला ऐकू जाणारा तो आवाज त्या दिवशी बंद होतो. दुपारभर ते पाचट, चिपाडं, बाभळीचं सरपण बेताबेतानं घालत राहतात. आधी नुसती धग, मग चढता जाळ. पाणी पितात, पण जेवत नाहीत. दिवेलागणीच्या सुमाराला भिंतीला लागून असलेल्या दगडी पायरीवर चढतात, वरचं एक खापर बाजूला करतात आणि आत डोकावतात. आतली मडकी तापून स्वतःच उजळलेली असतात. ते बघतात, खापर झाकतात, उतरतात, पुन्हा चढतात. आणि मग एकदा हळू आवाजात म्हणतात, "काकवी आली." गुऱ्हाळात उसाचा रस आटून गूळ व्हायच्या आधी त्याला जो दाट तांबूस तपकिरी रंग येतो, तो. तो रंग आत दिसला की भट्टी झाली. लगेच जाळ बंद, तोंडाला चिखल, आणि सगळं घर श्वास सोडतं. तेवढा भडकलेला विस्तव एका माणसाच्या एका शब्दावर थांबलेला बघताना माझ्या अंगावर दर वेळी काटा यायचा. आमच्या खात्यात कालव्याचं एक दार बंद करायला चार सह्या लागायच्या.

तर अशा माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. त्यांनी तो कुणालाच सांगितला नाही. आमच्या घरी आले असताना पांघरूण घातलेल्या माझ्या स्कूटरला "चला की आत, बाहीर का हुबं?" असं आग्रहानं म्हणाले, तेव्हा सूनबाईंच्या लक्षात आलं. मी त्यांना बारामतीत डोळ्यांच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. बाईंनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त, तो आधी करू. नंतर महिनाभर धूर, धूळ आणि जाळ बंद. व्याह्यांनी शांतपणे विचारलं, "महिनाभर म्हंजी कुठल्या भट्टीपासनं कुठल्या भट्टीपातुर?" बाई तारीख द्यायच्या, हे भट्टी सांगायचे. सुगडी झाली की बघू, सुगडी झाली तर रांजणांचं काम आलंय. शेवटी दवाखान्यातली मुलगीच मला फोन करून विचारायला लागली, "काका, आजोबांची भट्टी निवली का?" संक्रांतीनंतर आणि उन्हाळ्याच्या माठांआधी एक फट सापडली, तिच्यात ऑपरेशन बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पट्टी काढायला आल्या तर ह्यांनी तोंड फिरवलं. "एवढ्या लवकर उघडताय? तडकंल. निवू द्या जरा." बाईंना मी समजावून सांगितलं, तेव्हा कुठे त्या हसल्या.

पट्टी निघाली आणि व्याही वेडे झाले. भिंतीचा रंग, नर्सच्या साडीचा काठ, माझ्या डोक्यावरचे उरलेले केस, सगळ्यांची त्यांनी जाहीर पाहणी केली. घरी आल्यावर नातीला, म्हणजे आमच्या दोघांच्या नातीला, मांडीवर घेतलं आणि तिच्याकडे बघतच बसले. "आरं, हिचं डोळं तर घारं हायेत. मला कुणी सांगितलं न्हाय." पोरगी तीन वर्षांची झाली होती. सूनबाई उठून आत गेल्या.

मग आली उन्हाळ्याच्या माठांची भट्टी. वर्षाचा कणा म्हणजे ही भट्टी, ती बसली की वर्ष बसलं. आम्ही सगळे मुद्दाम गेलो होतो, नव्या डोळ्याची पहिली भट्टी बघायला. व्याह्यांची छाती फुगलेली. दिवेलागण व्हायची होती, अजून उजेड रेंगाळत होता, तोच ते पायरीवर चढले आणि म्हणाले, "आली की काकवी. काय लख्ख दिसतीय." खाली सूनबाई जाळ घालत होत्या. लहानपणापासून त्या ह्या तोंडाशी बसलेल्या. त्या म्हणाल्या, "आबा, अजून नाही वाटत. थोडा जाळ घालू या." व्याही म्हणाले, "नवा डोळा मला बसवलाय का तुला?" जाळ बंद झाला, तोंडाला चिखल लागला. उघडायच्या दिवशी पहिला माठ बाहेर आला तेव्हाच तो फिका वाटला. व्याह्यांनी बोटाच्या पेरानं वाजवला. खणखणीत वाजायचा तो बद्द वाजला. दुसरा बद्द, तिसरा बद्द. त्यांनी एकात पाणी भरून ठेवलं. सकाळी उचलायला गेले तर माठ हातात आला आणि बूड जमिनीवर राहिलं. भट्टी कच्ची राहिली होती, सगळीच्या सगळी.

मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "पाणी न घातलेले पुन्हा भाजता येतील की." व्याही तिथंच उकिडवे बसले होते. म्हणाले, "येतील. पण भाजायचं कुणाच्या नजरंनं?" त्या माणसाचा तेवढा हळू आवाज मी पेटवायच्या दिवसाखेरीज कधी ऐकला नव्हता. नातीचे घारे डोळे दिसणाऱ्या, लांबून एसटीची पाटी वाचणाऱ्या ह्या माणसाला आपली नजर गेली असं वाटत होतं, आणि भट्टीच्या हिशोबानं ती गेलीच होती. त्यानंतर परसात सगळे कच्चे माठ तसेच रचून राहिले. उन्हं तापायला लागली, बाजारात माठांची मागणी सुरू झाली, गिऱ्हाईक दारात येऊन परत जाऊ लागलं. विहीणबाई सांगायच्या, "आता वार बी इचारत न्हाईत. जेवा म्हटलं की जेवत्यात, झोपा म्हटलं की झोपत्यात. मला माझा जुना कटकट्या माणूस परत पायजे." माझा सकाळचा फोन बंद झाला. मला करमेना. एकदा मी आपणहून गच्चीवर गेलो, बोट ओलं केलं, आणि फोन लावून सांगितलं, "आज वारा पडलाय." पलीकडून उत्तर आलं, "असंल." फोन ठेवल्यावर मला रडू आलं, हे लपवण्यात काय अर्थ आहे?

ह्यातून वाट निघाली ती विहीणबाईंच्या चुलीपाशी. त्या भाकऱ्या थापत होत्या आणि व्याही शेजारी बसून नव्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होते. थेंब घालून तो डोळा मिटला, आणि नुसत्या जुन्या डोळ्यानं सहज चुलीतल्या निखाऱ्याकडे बघितलं. मग नवा उघडला, जुना मिटला. पुन्हा जुना उघडला, नवा मिटला. असं त्यांनी इतक्यांदा केलं की विहीणबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "ह्या वयात डोळं मारताय व्हय? लेक-जावई काय म्हणतील?" व्याह्यांचं लक्षच नव्हतं. एकाच निखाऱ्याचे त्यांना दोन रंग दिसत होते. जुन्या डोळ्याला काकवी, नव्या डोळ्याला झेंडू. ते झेंडू म्हणाले तशा विहीणबाई म्हणाल्या, "मग बरोबरच हाय की. मामंजी हुतं तवर भट्टीला झेंडूच म्हणायचं. झेंडू फुलला की जाळ वढा. तुमी बी तसंच म्हणायचा. मधीच कवातरी काकवी म्हणाया लागला." व्याह्यांनी थेंबांची बाटली खाली ठेवली. मोतीबिंदू काही एका दिवसात येत नाही. वर्षानुवर्षं तो डोळ्यावर हळूहळू पिवळा, मग तपकिरी पडदा ओढत गेला, आणि झेंडूची काकवी कधी झाली हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. भट्ट्या मात्र पक्क्याच निघत राहिल्या, कारण मडक्यांकडे बघून ते न कळत नजर जुळवून घेत गेले. आता नव्या डोळ्याला काकवी दिसली होती ती भट्टी अर्धीच तापली असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. "पाव्हणं, वारा कुठनं हाय?" मी चपला न घालता गच्चीवर गेलो. तेच कच्चे माठ पुन्हा भट्टीत रचले, आणि व्याही नव्या डोळ्यावर तळहात दाबून पायरीवर चढले. ह्या खेपेला खाली वाकून त्यांनी आधी लेकीला विचारलं, "तुला काय वाटतंय?" सूनबाई म्हणाल्या, "अजून दोन मोळ्या." त्यांनी मान हलवली. भट्टी पक्की निघाली. माठ असे वाजले की शेजारी बघायला आले. पण त्यानंतर त्यांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायला साफ नकार दिला. "एक डोळा माणसांचा, एक भट्टीचा," ते डॉक्टर बाईंना म्हणाले, "तुमी माणसांचा केला, लई उपकार झालं. भट्टीच्या डोळ्याला हात लावू नका." बाईंनी बजावलं, आता लांबवलं तर ह्या डोळ्याची नजर हळूहळू जाईल, मग तो भट्टीलाही उपयोगाचा नाही. व्याही तिथं हो म्हणाले नाहीत, पण त्यांना ते पटलं होतं. कारण पुढच्या प्रत्येक भट्टीला ते दोन्ही डोळे पाळीपाळीनं झाकून बघायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "नव्याला शिकवतोय. पोरगं हुशार हाय, पण अजून घाई करतंय." पायरीवरून पुटपुटत असायचे, "ही बघ, हिकडं काकवी आली, म्हंजी तुझा झेंडू. ध्यानात ठेव." सत्तरीचा माणूस आपल्याच एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याला उजळणी करून घेत होता, आणि आम्ही खाली मोळ्या हातात धरून उभे असायचो. मला तर देवळात उभं राहिल्यासारखं वाटायचं.

पणत्यांची भट्टी लागली तोवर डाव्या डोळ्यात पांढुरकं दिसायला लागलं होतं. व्याह्यांनी आपणहून मला फोन केला, "डागदरीण बाईस्नी सांगा, भट्टी पेटवतोय. पेटली की दुसऱ्या दिवशी निवायचाच वार. यीन." त्या दिवशी आम्ही सगळे परसात होतो. जाळ चढला, उजेड मावळला. व्याही पायरीवर चढले, जुन्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि नुसत्या नव्या डोळ्यानं आत बघितलं. उतरले, थोड्या वेळानं पुन्हा चढले. मग म्हणाले, "झेंडू. वढा जाळ." सूनबाईंनी त्यांच्या आधीच मोळी बाजूला टाकली होती. मग त्यांनी जुन्या डोळ्यानं एकदा खात्री केली आणि मान डोलावली. दोन्ही डोळ्यांचं एकमत झालं होतं. तोंडाला चिखल लावून झाला, विहीणबाईंनी चहा ठेवला, सूनबाई हात धुवायला गेल्या. आता ह्या माणसाची भट्टी डोळ्यावाचून अडणार नाही, एवढं नक्की झालं. मला इतकं हायसं वाटलं की मी नातीला उचलून फिरवलं.

चहा निवून गेला तरी व्याही पायरीवरून उतरले नव्हते. वरचं खापर अजून बाजूलाच होतं, आणि ते नव्या डोळ्यावर तळहात दाबून, जुन्या डोळ्यानं आत बघत उभे होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "झाली ना भट्टी? झाका की, वारा आत जातोय."

"झाकतो. जरा थांबा." मग म्हणाले, "भट्टी न्हाय बघत मी, पाव्हणं. काकवी बघतोय. उद्या ती काढून टाकणार. परत दिसायची न्हाय."

मी पायरीला हात टेकून उभा राहिलो. ते पुढं म्हणाले, "इतकी वरसं मला वाटायचं, समद्यास्नी अशीच दिसती. आन् माझ्याबिगार कुणी बघितलीच न्हाय."

ते एका बाजूला सरले आणि त्यांनी मला पायरीवर जागा करून दिली. मी चढलो, चष्मा काढला, त्यांच्यासारखाच एका डोळ्यावर तळहात दाबला आणि वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मला झेंडूच दिसला.